माझे पाय कोणी धुवायचे नाहीत

"कोणी गेलं का घरी?"

मोठ्या मॅडमनी हे सगळ्यांसमोर विचारलं. शाळेच्या हॉलमध्ये, गुरुपौर्णिमेच्या सकाळी. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी पांढरी साडी नेसून गेले होते.

मी म्हटलं, नाही मॅडम, घरी सगळे बरे आहेत.

"मग हे पांढरं काय नेसून आलात? शुभ दिवस आहे आज. काही रीतभात कळते की नाही?"

बाकीच्या शिक्षिका हसल्या. मोठ्यानं नाही. तोंडाला पदर लावून. जरीचे, मोरांचे, भारी पदर होते सगळ्यांचे.

मला आधी कळलंच नाही काय चुकलं. खरंच सांगते. आमच्यात पौर्णिमेला पांढरंच नेसतात. आषाढी पौर्णिमा म्हणजे आमच्यासाठी मोठा दिवस. त्या दिवसापासून वर्षावास लागतो, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. माझी आजी, आई, मावश्या, सगळ्या या दिवशी पेटीतून पांढरी साडी काढतात. मीही आदल्या दिवशी साडी धुतली, इस्त्री केली, सकाळी केसात मोगरा माळला. माझ्या मते मी सणाची साडी नेसले होते. त्यांच्या मते मी विधवा होऊन आले होते.

हॉलमध्ये खुर्च्यांची रांग लावली होती. प्रत्येक खुर्चीपुढे परात, पाण्याचा तांब्या, हळदीकुंकवाची वाटी, फुलं. आमच्या शाळेत गुरुपौर्णिमेला मुलं शिक्षकांचे पाय धुतात. पाय धुवायचे, पुसायचे, अंगठ्याला कुंकू लावायचं, फूल ठेवायचं आणि डोकं टेकवायचं. आईबाप मोबाईल उभे धरून चित्रण करतात. आमच्याकडे हिंगणघाटला कुठल्याही इंग्रजी शाळेला लोक कॉन्व्हेंट म्हणतात. तर या कॉन्व्हेंटमध्ये हा असा कार्यक्रम. मला नोकरीला लागून तीनच आठवडे झाले होते.

रांगेच्या शेवटी माझी खुर्ची होती. मोठ्या मॅडमनी शिपायाला सांगितलं, "ती शेवटची उचल." त्यानं उचलली. बगलेत मारली आणि घेऊन गेला. तिच्यापुढची परात दुसऱ्यानं नेली. आता तिथे फक्त फरशी होती.

मला म्हणाल्या, "पांढऱ्या साडीत पूजेला बसता येत नाही. तुम्ही मागे थांबा. पाणी भरून द्या."

मी पाणी भरून दिलं. सकाळभर. मागच्या नळावर तांब्ये भरायचे आणि दाराशी ठेवायचे. मुलं येऊन उचलून न्यायची. ज्या पाण्यानं सगळ्या गुरूंचे पाय धुतले गेले ते पाणी माझ्या हातचं होतं. ते चाललं. पाणी भरायला पांढरी साडी चालते. मंत्र लाउडस्पीकरवर चालू होते आणि मी नळाकडे तोंड करून रडत होते, कारण नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही.

मी नाचणगावची. पुलगावला लागून आहे आमचं गाव. आजोबांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. बाप हमाली करून गेला. आई दुसऱ्याच्या वाडीत भाजी तोडायला जाते, मेथीच्या, पालकाच्या जुड्या बांधते. मी गणित घेऊन शिकले, बी.एड. केलं, आणि हिंगणघाटात नोकरी लागली म्हणून विहाराजवळ एक खोली भाड्यानं घेतली. आईनं वस्तीभर सांगितलं होतं, माही पोरगी कॉन्व्हेंटले मॅडम आहे.

तर ही मॅडम नळावर तांब्ये भरत होती.

संध्याकाळी विहारात गेले. तीच साडी. तिथे कोणी विचारलं नाही काऊन पांढरी नेसली म्हणून, कारण सगळ्याच पांढऱ्यात होत्या. वाचनाची पहिली पाळी माझी होती. समोर एक म्हातारी बसायची, कानानं कमी. ती म्हणाली, "पोरी, मोठ्यानं वाच, मले आयकू नाई येत." मी मोठ्यानं वाचलं. दिवसभर जो घसा बंद होता तो तिथे नीट चालला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

आठवड्यानं मी हिय्या करून मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले. भांडायला नाही. समजावून सांगायला. की मॅडम, आमच्यात पांढरं शुभ असतं. एवढंच सांगायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान एका बाजूला कलती करून, शहाणी माणसं लहान मुलाचं ऐकतात तसं. मग म्हणाल्या, तुमचा प्रॉब्लेम साडीचा नाहीच. तुमच्यात आत्मविश्वास कमी आहे. "तुमच्या लोकांमध्ये न्यूनगंड असतो. त्यावर काम करायला हवं."

तुमच्या लोकांमध्ये. मी उभी होते. मला बसायला सांगितलं नव्हतं.

त्यावर काम करायला त्यांनी माणूसही आणला. एका शनिवारी सगळ्या स्टाफसाठी कार्यशाळा ठेवली. विषय होता, स्वतःशी नातं जोडा. नागपूरहून एक सर आले होते. खादीचा कुडता, कानाला लावलेला माइक, गोड आवाज. त्यांनी बासरी लावली, दिवे मालवले, सगळ्यांना डोळे मिटून छातीवर हात ठेवायला सांगितला. म्हणाले, ज्या क्षणी तुम्हांला सगळ्यात लहान वाटलं तो क्षण आठवा. आतल्या त्या मुलीला भेटा. आणि ज्याला बोलावंसं वाटेल त्यानं बोला, इथे सगळे आपलेच आहेत.

मी मूर्ख. मला ते खरं वाटलं. कधी नव्हे ते कोणीतरी विचारत होतं. मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. साडी, खुर्ची, नळ. मोठ्या मॅडम पहिल्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. छातीवर हात तसाच.

सर माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ताई, तुमची खुर्ची कोणीच उचलली नव्हती. खुर्ची तुमच्या मनातच नव्हती."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी मोठ्या मॅडमची. माझ्या शेजारच्या बाईंच्या तर डोळ्यात पाणी आलं, किती छान बोलले सर म्हणून. ज्या शिपायानं ती खुर्ची बगलेत मारून नेली होती तो मागे चहाचे कप लावत होता. त्याला कोणी विचारलं नाही.

मला घरचा अभ्यास मिळाला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यात बघायचं आणि म्हणायचं, मी समर्थ आहे, मी शांत आहे, मी सगळ्यांना क्षमा करते.

मी केलं की. रोज केलं. आंघोळ झाली की खोलीतल्या टीचभर आरशासमोर उभी राहून पोपटासारखं म्हणायचे. क्षमा करते, क्षमा करते. आणि शाळेत व्हरांड्यात मोठ्या मॅडमच्या सँडलचा आवाज आला की घसा परत आवळायचा. फळ्यावरचं गणित अर्ध्यात विसरायचे. मग वाटायचं, आपलंच काहीतरी कमी आहे. एवढा मोठा माणूस उपाय सांगून गेला, तो आपल्याला लागू पडत नाही, म्हणजे दोष आपल्यातच. बघा काय कारागिरी आहे. आधी मारायचं. मग औषध द्यायचं. मग बरी का होत नाहीस म्हणून पुन्हा बोल लावायचा.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी विहारात वाचायला जायचेच. एक दिवस शाळेत फार वाईट गेला. मोठ्या मॅडम वर्गात येऊन मागे उभ्या राहिल्या आणि मला तिसरीच्या मुलांसमोर भागाकार सांगता येईना. सात त्रिक एकवीस, एवढं तोंडातून निघेना. त्याच संध्याकाळी विहारात मी पानामागून पान वाचत होते. पालीतल्या गाथा, अवघड शब्द, सगळं. म्हातारी मध्येच म्हणायची मोठ्यानं, मी मोठ्यानं. आणि वाचता वाचता मी थांबले. लोकांना वाटलं पान चुकलं.

भीती माझ्या आत असती तर ती माझ्यासोबत विहारात आली असती. घसा तर मी शाळेतून हाच घेऊन येते.

पण एवढ्यानं काही सुटलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत नाचणगावला गेले. आई वाडीत मेथी उपटत होती, मीही तिच्याबरोबर जुड्या बांधायला बसले. तिथे बसून मी तिला सगळं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. तिची कॉन्व्हेंटची मॅडम मला मोडायची नव्हती. सांगताना पुन्हा रडायला आलं.

आईनं जुडी बांधली, कडेला टाकली. म्हणाली, "तुले पाय धुऊन घ्याचे होते का?"

मी म्हटलं, नाही गं. आपल्यात कुठे असतं तसं काही.

"मंग खुर्चीसाठी काऊन रडून राह्यली?"

मला राग आला. तुला नाही कळत, म्हटलं. तिनंही ताणलं नाही. फक्त म्हणाली की काही झालं तरी नोकरी सोडू नको, एवढी चांगली लागली आहे, मॅडमले नमून राहा. ती घाबरलेली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून ती हेच शिकली होती. मी तिला दोष देत नाही. पण मला तो सल्ला नको होता.

तिचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. खोलीवर परत आले. सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि म्हणवेना. मी आरसा काढून पलंगाखाली सारला. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. काही म्हटलं नाही. कोणाला क्षमा केली नाही. नुसती बसले आणि स्वतःला विचारलं, तुला काय पाहिजे?

पहिल्या दिवशी काहीच उत्तर आलं नाही. पण मी रोज बसायला लागले. शाळेत जायच्या आधी, चहा पिऊन झाल्यावर. अंगात काय होतं ते बघायचे. मॅडमचं नाव मनात आणलं की घसा आवळतो. खुर्ची आठवली की पोटात पेटतं. पेटतं, म्हणजे ते दुःख नव्हतं. सरांनी मला सांगितलं होतं की आत एक रडकी लहान मुलगी बसली आहे. मी आत जाऊन बघितलं. मुलगी-बिलगी कोणी नव्हती. राग होता. चांगला धडधाकट, वयात आलेला राग, आणि मी त्याला इतके महिने न्यूनगंड म्हणून हाक मारत होते.

उत्तरं हळूहळू आली. मला पाय धुऊन घ्यायचे नव्हते. कधीच नव्हते. माझ्या घरात माणूस माणसाच्या पायावर डोकं ठेवत नाही. मग मी रडले कशासाठी? मोठ्या मॅडमना मी आवडावी म्हणून. हे कबूल करायला मला फार दिवस लागले. ज्या बाईनं मला विधवा ठरवलं, तिनं माझ्या पाठीवर थाप मारावी म्हणून मी तडफडत होते. मला नको असलेली वस्तू त्यांनी माझ्यापासून हिसकावली आणि मी ती माझीच होती म्हणून गळा काढला. माझं रडणंसुद्धा त्यांनीच ठरवून दिलेलं.

त्या दिवशी मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या एकटीच मोठ्यानं म्हटलं, मला तुमची खुर्ची नको. आवाज स्वच्छ आला.

कोणी समजू नये की त्यानंतर मी वाघीण झाले. छे. शाळेत आईचा फोन आला की मी उठून बाहेर व्हरांड्यात जायचे, कारण फोन उचलताना तोंडातून जयभीम निघतं. एक दिवस ठरवलं की जागचं उठायचं नाही. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या मध्ये बसून म्हटलं, जयभीम आई, बोल. सगळे डबे खात होते. एका बाईंनी भाजीचा डबा हळूच आपल्याकडे ओढला. बस्स, एवढंच झालं. आकाश कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा फोन आला तेव्हा मी उठून बाहेर गेले. तिसऱ्यांदा बसून राहिले. असं होतं ते. एक पाऊल पुढे, एक मागे, आणि रोज सकाळी भिंतीशी बसून स्वतःला विचारायचं की आज कुठे घसरलीस.

मग पुन्हा आषाढ आला.

मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं. चहा मागवला. म्हणाल्या की यंदा गुरुपौर्णिमेला पेपरवाले येणार आहेत, पाहुणे येणार आहेत, सगळ्या शिक्षकांचा फोटो येईल. शाळा सर्वांना सामावून घेते हे लोकांना दिसलं पाहिजे. तुमची खुर्ची या वर्षी पुढे ठेवली आहे. खूश ना? आणि पांढरं नको हं, काहीतरी छान नेसा.

मी काही बोलायच्या आत त्या हसून म्हणाल्या, "तुमच्यासाठी मी श्रावस्ती ठेवली आहे. तुम्हांलाही बरं वाटेल, तिलाही."

श्रावस्ती तिसरीत होती, माझ्याच वर्गात. आठ वर्षांची. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सरकारच्या नियमातल्या फुकटच्या सीटवर आलेली. वर्गात आमच्यातली ती एकटी.

मला समजायला थोडा वेळ लागला. बाकी प्रत्येक शिक्षिकेसाठी मुलांच्या आईबापांनी आपणहून नावं दिली होती. माझ्यासाठी कोणी दिलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक पोर शोधून काढलं. माझ्या पायाला हात लावला तर जिच्या घरी कोणी आंघोळ घालणार नाही अशी एकच पोर त्या वर्गात होती. तिला वाकवायचं आणि मला खुर्चीत बसवायचं, आणि दोघींचा मिळून एक फोटो काढायचा.

मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बघते मॅडम, एवढंच बोलले आणि चहा पिऊन बाहेर आले.

पौर्णिमेला सकाळी मी भिंतीशी बसले. काय करायचं ते ठरवलं नव्हतं. फक्त बघत होते की भीती कुठे आहे. गुडघ्यात होती. असू दे म्हटलं. मग पांढरी साडी नेसले.

मोठ्या मॅडमनी दारातच बघितली. जबडा आवळला, पण मागे पाहुणे उभे होते, संस्थेचे अध्यक्ष उभे होते, म्हणून हसल्या. मी जाऊन खुर्चीत बसले. समोर परात. मंत्र सुरू झाले. मुलं रांगेनं आली, आपापल्या मॅडमपुढे बसली. श्रावस्ती माझ्यापुढे बसली. तिला नवा परकर-पोलका घातला होता, दोन वेण्या घट्ट आवळल्या होत्या. तांब्या तिला जड होत होता. तिनं माझा पाय हातानं धरून परातीत ठेवला. बोटं गार होती. गणिताच्या तासाला ही पोर सगळ्यांत आधी हात वर करते. उभी राहून उत्तर देते. आता ती खाली मान घालून माझ्या टाचेवर पाणी ओतत होती आणि अंगठा चोळत होती, कारण तिला घरून नीट शिकवून पाठवलं होतं.

मी पाय काढून घेतला. उभी राहिले.

"ऊठ बाळा. नको धुऊ. माझे पाय कोणी धुवायचे नाहीत."

मंत्र चालूच होते. शेजारच्या दोन मुलांनी वर बघितलं. मोठ्या मॅडम झपाझप आल्या, ओठ न हलवता म्हणाल्या, "खाली बसा. फोटो चालू आहे."

"मी नाई बसत."

त्या शाळेत वर्षभर मी पुस्तकातलं बोलत आले होते. हे घरचं निघालं. घसा उघडा होता. मी वाकून श्रावस्तीच्या हातातला तांब्या घेतला, फरशीवर ठेवला, तिला हाताला धरून उठवलं आणि भरल्या हॉलमधून तिला घेऊन वर्गात गेले. माझी पावलं फरशीवर ओली उमटत होती. मागून कोणीतरी म्हणालं, काय माज आहे. दुसरं कोणी म्हणालं, यांना वर बसवलं तरी खपत नाही.

वर्गात श्रावस्ती बाकावर बसली आणि रडायला लागली. "मिस, माझं काही चुकलं?" मी सांगितलं की तुझं काही चुकलं नाही. तिला ते पटलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला कसं पटावं.

दुपारी केबिनमध्ये अध्यक्ष, मोठ्या मॅडम आणि मी. अध्यक्ष म्हणाले की आम्ही तुम्हांला मान दिला, तुम्ही त्याला लाथ मारलीत. संस्कारांचा अपमान केलात, पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू काढलीत. सोमवारी परिपाठाला सगळ्यांसमोर माइकवर माफी मागा आणि विषय संपवा. मोठ्या मॅडम म्हणाल्या, आम्ही तर तुमच्या भल्याचंच बघत होतो, पण काही लोकांना स्वतःवर विश्वासच नसतो.

मी म्हटलं, "सोमवारी मी बोलते. पण श्रावस्ती मलाच का दिली, ते सांगते. बाकी कोणाच्या आईबापांनी माझ्यासाठी नाव का दिलं नाही, तेही सांगते. द्या माइक."

अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खिडकीकडे. सोमवारी मला कोणी माइक दिला नाही.

श्रावस्तीचा बाप संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. मला वाटलं, आपला माणूस आला. तो दारातच उभा राहिला. अंगावर कापसाचे तंतू तसेच. म्हणाला, "मॅडम, तुमची लढाई तुम्ही लढा ना. माह्या पोरीले काऊन मंधात घेतलं? उद्या तिची सीट गेली तं तुम्ही भरून देसान का?" मी सांगितलं की ती सीट कायद्यानं मिळालेली आहे, शाळा काढू शकत नाही, काढली तर मी सोबत येईन, शिक्षण विभागात जाऊ. त्यानं ऐकलं आणि मान हलवली. कायदा त्यानं माझ्यापेक्षा जास्त बघितला आहे. जाताना जयभीम म्हणाला नाही. मी त्याच्या मागे जयभीम म्हटलं. तो थांबला नाही.

आईचा फोन आला. तिला कुठूनतरी कळलं होतं. माफी मांग, म्हणाली. तुह्या पाया पडतो, माफी मांग. मी म्हटलं, आई, पाया कोणी कोणाच्या पडायचं नाही. तिनं फोन ठेवला. आठवडाभर बोलली नाही.

आता माझ्याकडून गणित काढून घेतलं आहे. ज्या वर्गाची शिक्षिका येत नाही तिथे मला बसवतात. स्टाफरूममधलं कपाट दुसऱ्याला दिलं. मला कामावरून मात्र काढलेलं नाही. काढायचं तर कारण द्यावं लागेल, आणि ते कारण कागदावर उतरवायला तिथे कोणाचा हात धजत नाही. त्यांना वाटतं की ही आपणहून जाईल. बोलेनासे झाले, बसायला जागा दिली नाही, की यांची माणसं जातात, असा त्यांचा अनुभव आहे.

श्रावस्ती व्हरांड्यात दिसते. कधी बघते, कधी मान वळवून निघून जाते. ती माझ्यावर रागावली आहे की काय, मला कळत नाही. असेल तर तिचा हक्क आहे. एक दिवस ती तो राग कुठे ठेवायचा ते स्वतः ठरवेल. मी तिला आरशासमोर उभी करणार नाही.

रोज सकाळी मी भिंतीशी बसते. शांती-बिंती काही मिळत नाही मला तिथे. हिशेब लागतो. कोणाची भीती वाटते, कशाची नाही, काय माझं आहे आणि काय माझ्या गळ्यात मारलेलं आहे. स्वतःशी नातं जोडा म्हणाले होते सर. जोडलं. त्यांना हवं तसं नाही जुळलं.

मी ही शाळा सोडणार नाही. पुढच्या आषाढात ते पुन्हा खुर्च्या लावतील आणि पुन्हा कोणाची तरी पोरं खाली बसवतील. श्रावस्तीच नव्हे, मोठ्या घरची बसवतील, अध्यक्षांची नात बसवतील. मी त्या हॉलमध्ये असेन. पहिलं पोर वाकलं की त्याला हाताला धरून उठवीन. मग दुसरं. मग तिसरं. मला थांबवायचं असेल तर सगळ्या आईबापांसमोर, चालू मोबाईलसमोर, मला फरपटत बाहेर काढावं लागेल. काढा. मी चालत जाणार नाही.